काढा बेसिनमध्ये का गेला?

वाचकाचं पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही नौपाड्यात राहतो. मुलाच्या लग्नाला दीड वर्ष झालं. सून एकतीस वर्षांची, बँकेत नोकरीला. दिवाळीनंतर तिचे सांधे धरू लागले, केस मूठमूठ हातात यायला लागले, दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल पुरळ उठलं. चार महिने इकडेतिकडे फिरल्यावर ‘ल्युपस’ असं निदान झालं. डॉक्टर म्हणतात, हिची प्रतिकारशक्ती हिच्याच शरीरावर उलटली आहे, ती दाबायची औषधं देतोय. मला हे काही केल्या पटत नाही. करोनापासून सगळं जग प्रतिकारशक्ती वाढवा म्हणून ओरडतंय आणि हे दाबायला निघालेत! मी रोज पहाटे उठून काढा करते. गुळवेल, तुळस, ज्येष्ठमध, मिरी. सगळं जांभळी नाक्यावरून निवडून आणलेलं. गेल्या आठवड्यात तिने तो माझ्या पाठीमागे बेसिनमध्ये ओतताना मी पाहिलं. सकाळचं कोवळं ऊन घे म्हटलं तर पडदे ओढून बसते. मुलगा म्हणतो, आई तू यात पडू नकोस. मी काय तिचं वाईट चिंतते का?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा आजार लग्नाआधीपासून असेल का? माहेरच्यांनी लपवला असेल का? आणि तुमच्या नवी मुंबईत खारघरला पेशी काढून, त्यांच्यावर काहीतरी करून परत देतात असं वाचलं. त्याने हे कायमचं बरं होईल का? गावाकडे जमीन आहे, विकायची तयारी आहे. नातवंडाचं काय, हे तर विचारायचीही भीती वाटते.

एक सासू, ठाणे

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूने, दुसऱ्यांदा सुनेच्या. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. काढा बेसिनमध्ये गेला ते बरं झालं. तुम्हाला न सांगता गेला एवढंच चुकलं. पण दीड वर्षाच्या सुनेने सासूच्या हातचा पेला तोंडावर ‘नको’ म्हणून परत करणं किती घरांत खपतं, ते तुम्हाला मी कशाला सांगू?

मी डॉक्टर असले तरी रुग्ण तपासणारी नव्हे. पस्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली पॅथॉलॉजिस्ट आहे. आता निवृत्त होऊन सानपाड्यात झाडांना पाणी घालते. त्यामुळे गोळ्यांचे डोस मला विचारू नका, ते तिच्या रुमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांच्या तज्ज्ञाचं, काम. पेशींचे स्वभाव मात्र मला थोडेफार ठाऊक आहेत, आणि तुमच्या घरातला गुंता पेशींच्या स्वभावापाशीच अडला आहे.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत ल्युपसची चाचणीच एका पेशीच्या नावाने ओळखली जायची: एलई सेल. रुग्णाचं रक्त गोठू द्यायचं, ती गुठळी बारीक जाळीवर घोटून गाळायची, त्यातला पांढऱ्या पेशींचा थर काचपट्टीवर पसरायचा आणि मग तासन्‌तास शोधत बसायचं. ॲप्रनवर डाग, मानेला रग. आणि मग एखादी सापडायची. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणारी, पांढऱ्या पेशींत संख्येने सगळ्यांत जास्त असणारी साधी शिपाई पेशी. आणि तिच्या पोटात एक गोल, जांभळट, गुळगुळीत गोळा. तो गोळा जंतूचा नसायचा. ते असायचं आपल्याच दुसऱ्या पेशीचं केंद्रक. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पेशी पहिल्यांदा नोंदवली. आता ही चाचणी कुणी करत नाही. एएनए आणि डीएसडीएनए या रक्ताच्या चाचण्या आल्या, तुमच्या सुनेच्या फाईलमध्येही तेच कागद असतील. पण ल्युपस म्हणजे काय हे त्या पेशीने मला जितकं नीट समजावलं तितकं कुठल्याच पुस्तकाने नाही. ती पेशी अशक्त नव्हती हो. भूक उत्तम होती. घास चुकीचा होता.

म्हणून तुमच्या सुनेची प्रतिकारशक्ती ‘कमी पडली’ हे आधी डोक्यातून काढा. आणि खरं सांगायचं तर प्रतिकारशक्ती ही डब्यातल्या साखरेसारखी कमी-जास्त होणारी एकच एक वस्तूच नाही. तुम्ही नौपाड्याच्या, तीन हात नाका तुमच्या पायाखालचा. तिथे रोज संध्याकाळी जी कोंडी होते ती गाड्यांमध्ये ताकद नाही म्हणून होते का? आता कुणीतरी उपाय सुचवला की सगळ्या बाजूंचे सिग्नल एकदम हिरवे करा, वाहतूक वाढेल, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेली प्रत्येक बाटली नेमका हाच उपाय विकत असते. पेशींच्या जगात निम्मं काम लाल सिग्नलचं आहे. आणि हे लाल सिग्नल कोण लावतं, हे कळायला विज्ञानालाही फार उशीर लागला. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, थोडी लांबेल.

आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. मराठी पाठ्यपुस्तकात तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, कारण वयात आल्यावर ती आक्रसत जाते. किती नेमका शब्द, आणि किती कमी लोक तो वापरतात. १९६०च्या आसपासपर्यंत ती निरुपयोगीच समजली जायची. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून दाखवलं की तिच्याशिवाय जनावराला संसर्गाशी लढताच येत नाही. कारण ती शाळा आहे. हाडांतल्या मगजात जन्मलेल्या कोवळ्या पेशी तिथे येतात आणि टी पेशी होऊन बाहेर पडतात. प्रत्येक टी पेशी शत्रू ओळखायचा आपला खाचा जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून स्वतःच बनवते. त्यामुळे अजून जगात न आलेल्या विषाणूसाठीसुद्धा कुणाकडे तरी खाचा तयार असतो. पण त्याच जुगारात काही खाचे थेट आपल्याच सांध्याला, आपल्याच मूत्रपिंडाला बसणारे निघतात. म्हणून थायमसमध्ये परीक्षा होते. स्वतःच्या शरीरावर धावून जाणारी पेशी तिथेच मारली जाते, काहीच न ओळखणारीही गळते. शंभरातल्या पाचसुद्धा धड बाहेर पडत नाहीत. स्पर्धा परीक्षांचे निकाल यापुढे दयाळू म्हणायचे.

इतकी कडक शाळा असूनही काही दांडगट सुटतातच. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही?

जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली होती. अपेक्षा अशी की पिल्लं दुबळी होतील. झालं उलटंच: त्यांची प्रतिकारशक्ती चवताळली आणि त्यांचेच अवयव खाऊ लागली. या कोड्याने शिमोन साकागुची नावाच्या तरुण डॉक्टरला झपाटलं. त्यांनी निरोगी उंदरांच्या टी पेशी अशा पिल्लांना टोचल्या, तर आजार टळला. म्हणजे टी पेशींमध्येच कुणीतरी असं होतं की जे लढत नव्हतं, लढणाऱ्यांना आवरत होतं. पण त्या काळी अशा ‘दाबणाऱ्या’ पेशींची कल्पना बदनाम झालेली होती, पूर्वीच्या काही दाव्यांचं पितळ उघडं पडलं होतं. साकागुची चिकटून राहिले आणि १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशींची ओळख पटवून दिली. नियामक टी पेशी, किंवा सरळ टी-रेग.

दुसरं टोक अमेरिकेत होतं. टेनेसीमधल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात उंदरांची एक विचित्र ओळ निपजली होती. त्यांच्यातली काही नर पिल्लं खवल्याखवल्यांची कातडी घेऊन जन्माला यायची आणि काही आठवड्यांत मरायची, कारण त्यांच्याच टी पेशी त्यांना आतून संपवत होत्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड राम्सडेल यांनी दोष शोधत शोधत संशयित जनुकं वीसवर आणली आणि एकेक तपासली. दोष सापडला विसाव्यात, शेवटच्या! २००१ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. जनुकाचं नाव फॉक्सपी-३. याच जनुकात बिघाड असलेल्या मुलग्यांनाही तान्हेपणीच तसाच भयंकर आजार होतो, हेही तेव्हाच कळलं. दोन वर्षांत साकागुचींनी दोन्ही टोकं जोडली: टी-रेग घडवणारं जनुक ते हेच.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी या तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा राम्सडेल कुठल्यातरी डोंगरात बायकोबरोबर भटकत होते, फोन बंद. जगभरातून निरोप येऊन पडले होते आणि ह्यांना पत्ताच नाही. मला ही बातमी वाचून फार आवडलं होतं. आवरणाऱ्या पेशींवर आयुष्य घालवलेल्या माणसाला शोभेलसंच.

आता हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरात आणते. ल्युपसमध्ये फक्त टी-रेगचाच दोष असतो असं समजू नका. बी पेशी आपल्याच केंद्रकाविरुद्ध अँटीबॉडी तयार करतात, इंटरफेरॉन नावाचा धोक्याचा भोंगा वाजतच राहतो, आणि मेलेल्या पेशींचा कचरा वेळेवर उचलला जात नाही. एकूण काय, हिरवे दिवे भरपूर आहेत, लाल कमी पडताहेत. डॉक्टरांचं ‘दाबणं’ म्हणजे लाल दिवा परत लावणं. जी गोळी तिला बहुतेक पहिल्या दिवसापासून मिळाली असेल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ती मुळात हिवतापाची. ती सरसकट सगळ्या पेशींना चिरडत नाही. पेशीच्या आत ज्या कप्प्यात केंद्रकाचे तुकडे ओळखले जातात आणि बोंब उठते, तो कप्पा ती शांत करते. त्या गोळीसाठी डोळ्यांची ठरावीक तपासणी करावी लागते, ती चुकवू देऊ नका. आणि स्टेरॉईड चालू असेल तर ‘तोंड सुजलंय, बंद कर’ असं चुकूनही सुचवू नका. बाहेरून स्टेरॉईड येत असताना शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकाएकी थांबवलं तर माणूस कोसळतो. ते उतरवत उतरवतच बंद करायचं असतं, आणि तेही डॉक्टरांनी.

आता गुळवेल. विकणारे स्वतःच सांगतात की ती प्रतिकारपेशींना चेतवते. हे खरं असेल तर तुमच्या सुनेला ती नको, आणि खोटं असेल तर हवी कशाला? २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरात, घरोघर काढे उकळत होते तेव्हा, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेले सहा रुग्ण नोंदवले. त्यांच्या यकृताला झालेली इजा आपल्याच प्रतिकारपेशींनी चढाई केल्यासारखी होती. पुढे देशातल्या वेगवेगळ्या शहरांतून अशा ४३ रुग्णांची मांडणी झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. हा वाद कसाही मिटो. जांभळी नाक्यावरच्या जुडीतली वेल नेमकी कोणती, हे तुम्ही आणि मी घरी बसून ठरवू शकत नाही, आणि ज्या शरीरात पेशी आधीच चवताळल्या आहेत तिथे ही परीक्षा घ्यायची नाही.

ज्येष्ठमधाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. ते गोड, घशाला बरं, म्हणून निरुपद्रवी वाटतं. पण रोज पोटात गेलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. स्टेरॉईडही तेच करतं. ल्युपसमध्ये मूत्रपिंडावर डॉक्टरांची नजर असते ती उगाच नाही. घरातला काढा नेमका तिथे भर घालत होता. तुळस, आलं घातलेल्या साध्या चहाला माझी काही हरकत नाही.

उन्हाचंही तसंच. तुमच्या-माझ्यासाठी कोवळं ऊन औषध, तिच्यासाठी ठिणगी. अतिनील किरणांनी कातडीतल्या काही पेशी मरतात, हे सगळ्यांचंच होतं. मरताना त्या आपलं केंद्रक उघडं टाकतात. तुमच्या शरीरात तो कचरा गुपचूप उचलला जातो. तिच्या शरीरात त्याच केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी दबा धरून बसलेल्या असतात, म्हणून उन्हात जाऊन आल्यावर गाल पेटतात, कधी सांधे, कधी आणखी आतलं काही. पडदे ओढून बसते म्हणजे ती सांगितलेलं ऐकते आहे. बँकेत जाताना छत्री, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. ‘ड’ जीवनसत्त्व गोळीतून मिळतं.

आता तुमचा तो प्रश्न, लग्नाआधीपासून होता का आणि लपवला का. खरं तर हा प्रश्न वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. पण विचारलात ते बरं झालं, मनात कुजत ठेवण्यापेक्षा. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांचं रक्त वर्षानुवर्षं साठवलेलं असतं. त्यातल्या ज्या १३० जणांना पुढे ल्युपस झाला, त्यांचे जुने नमुने संशोधकांनी काढून तपासले. २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निदानाच्या आधीच ११५ जणांच्या रक्तात स्वतःविरुद्धच्या अँटीबॉडी होत्या. सरासरी तीनेक वर्षं आधी, काहींत तर नऊ वर्षं आधी. आणि तेव्हा हे सगळे धडधाकट होते, सैन्याच्या वैद्यकीय तपासणीतून पार झालेले. म्हणजे पेशींच्या पातळीवर विचाराल तर हो, सुरुवात कदाचित तुमच्या मांडवाच्याही आधीची असेल. पण ती तिलाच ठाऊक नव्हती, तर तिचे आईवडील लपवणार काय? ज्याची अजून लक्षणंच नाहीत असा आजार लपवायची सोय देवाने केलेली नाही. हा विषय व्याह्यांसमोर काढू नका, मुलापुढेही नको.

मुलींनाच का, असंही मनात आलं असेल. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात, तेही ऐन उमेदीच्या वयात. याचा एक धागा आपल्या एक्स गुणसूत्रांपाशी जातो. बायकांच्या पेशीत दोन एक्स, त्यातलं एक बंद ठेवायला एक्झिस्ट नावाचा आरएनए त्याच्यावर अक्षरशः पांघरूण घालतो आणि सोबत प्रथिनांचा लवाजमा घेऊन बसतो. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नर उंदरांत हेच पांघरूण मुद्दाम घातलं आणि ल्युपससारखा आजार चेतवून पाहिला; नरांनाही मादीसारखाच जोर चढला. आणखी एक धागा २०२२ मधला: स्पेनमधल्या एका मुलीला लहानपणीच झालेला ल्युपस टीएलआर-७ या एकाच जनुकातल्या बदलामुळे होता, आणि ते जनुकही एक्सवरच बसलेलं. वर म्हटलेल्या हिवतापाच्या गोळीने जो कप्पा शांत होतो ना, हे टीएलआर-७ त्याच कप्प्यातलं. अशा गोष्टी जुळल्या की मला अजूनही विशीतल्यासारखा आनंद होतो. तुम्हाला होईलच असं नाही, पण एवढं घ्या: कुणाच्या पत्रिकेचा, पायगुणाचा किंवा ‘बाहेरचं खाते’ याचा इथे संबंध नाही.

आता खारघर. इथे मला सावकाश लिहायला हवं, कारण जमिनीचा प्रश्न आहे.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून जी कार-टी उपचारपद्धती उभी केली, तिच्या चाचण्यांत त्या केंद्राचा वाटा आहे. औषधाचं नाव नेक्सकार-१९. २०२३च्या ऑक्टोबरात त्याला देशात मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला ते रुग्णांसाठी खुलं झालं. पद्धत अशी: रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवीन जनुक घालायचं. त्यामुळे त्या सीडी-१९ नावाची खूण ओळखू लागतात, जी बी पेशींच्या अंगावर असते. नावातला १९ तोच. मग त्या पेशी वाढवायच्या आणि शिरेतून परत सोडायच्या. बी पेशींचा रक्ताचा कर्करोग, इतर औषधांना दाद न देणारा किंवा उलटलेला, त्यासाठी हे आहे. प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. परदेशात ज्याचे कोट्यवधी मोजावे लागतात ते इथे साधारण एक दशांश किमतीत झालं. माझ्या घरापासून दोन-चार स्टेशनांवर हे घडतंय याचा मला अभिमान वाटतो. लपवत नाही.

पण ताई, तुमच्या सुनेला कर्करोग नाही.

मग बातमीत ल्युपस कुठून आला? जर्मनीतल्या एर्लांगेनहून. तिथल्या डॉक्टरांनी असा विचार केला की ल्युपसमध्येही खोड्या करणाऱ्या बी पेशीच असतात, तर त्यांच्यावरच ही टी पेशी सोडून पाहू. २०२१ मध्ये वीस वर्षांच्या एका मुलीवर पहिल्यांदा केलं. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचे निष्कर्ष मांडले, त्यातले ल्युपसचे आठ. आठही जणांचा आजार शांत झाला आणि सगळ्या गोळ्या थांबल्या. काही महिन्यांत बी पेशी परत उगवल्या, पण त्या कोऱ्या होत्या, जुना राग विसरलेल्या. पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा गिरवल्यासारखं. माझ्या पस्तीस वर्षांत ल्युपसबद्दल इतकं आशेचं काही मी वाचलं नव्हतं.

तरीही ती मंडळी कोण होती ते बघा. अनेक औषधं थकलेली, अवयवांना धोका असलेली. या उपचारात टी पेशी चेकाळून तापाने फणफणवू शकतात, रक्तदाब घसरू शकतो, आणि बी पेशी नसताना संसर्गाची भीती राहते. त्यामुळे जगभर अजून हे चाचण्यांच्या चौकटीतच चाललं आहे, आणि आपल्याकडची मंजुरी कर्करोगासाठी आहे. तुमच्या सुनेचा आजार आत्ताच सापडलाय, गोळ्या आत्ताच सुरू झाल्यात. खारघरच्या दारात जाऊन उभं राहण्याची ही वेळ नाही. उद्या लागलंच तर तिचे डॉक्टरच चाचणीचा रस्ता दाखवतील. जमीन आहे तिथे राहू द्या. आणि ‘ल्युपस मुळापासून बरा’ अशी जाहिरात करून कसल्याशा पेशींची इंजेक्शनं देणारं कुणी भेटलं, तर त्याच्या गोड बोलण्याला भुलून चेकबुक काढू नका.

नातवंडाबद्दल भीत भीत विचारलंत. मूल होऊ शकतं. आजार किमान सहा महिने शांत हवा, काही औषधं आधी बदलावी लागतात आणि ती हिवतापाची गोळी बहुधा चालूच ठेवतात. दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलणं मात्र अटळ, ‘बघू, झाल्यावर सांगू’ इथे चालत नाही. यावर एक मजेची गोष्ट सांगते. तुमचा मुलगा तुमच्या पोटात नऊ महिने राहिला, तो पेशींच्या हिशेबात अर्धा परका होता. निम्म्या खुणा त्याच्या वडिलांच्या. दुसऱ्या कुणाचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर ते उधळून लावायला बघतं, आणि मुलाला मात्र वाढवतं. त्या काळात तुमच्या टी-रेग वाढल्या होत्या, त्यांनी बाकीच्यांना आवरून धरलं. एवढंच नाही, मुलाच्या काही पेशी आईच्या रक्तात राहून जातात. बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही त्या सापडल्या आहेत. तुमच्यात आजही असतील कदाचित. मात्र कधी मूल हवं, हवं का, हे विचारायला सुनेच्या खोलीत जाऊ नका. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.

मुलगा म्हणतो यात पडू नकोस, ते मात्र मला तितकंसं पटत नाही. पडा, पण उपयोगी पडा. ताप आला तर ‘अंगावर काढू’ न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, कारण गोळ्या चालू असताना ताप आजाराचा की संसर्गाचा हे घरी ओळखू येत नाही. पावसाळ्यात तलावपाळीच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, त्यातून तिने चालत येऊ नये. रिक्षा मिळेपर्यंत बँकेतच थांब म्हणून तुम्हीच फोन करा. लशींचं डॉक्टरांना विचारा: फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी अशा रुग्णांना सहसा सुचवतात, जिवंत विषाणूंच्या लशी टाळतात. पुढच्या तपासणीला बरोबर येऊ का, असं तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर रुसू नका.

आणि तुमची पहाटे उठायची सवय मोडू नका. सांध्यांचा ल्युपस सकाळी सगळ्यांत वाईट असतो, तासभर मूठच वळत नाही. त्या वेळात तिला डबा भरून लोकल गाठायची असते. काढ्याचं पातेलं ठेवून द्या आणि कणीक तुम्ही मळा. लोणच्याच्या बरणीचं, पिठाच्या डब्याचं, मसाल्याच्या डब्याचं झाकण रात्रीच सैल करून ठेवा. तिला सांगायची गरज नाही. दोन दिवसांत तिच्या लक्षात येईल.